शेवंतामायचा अंदाज

आमच्या कोंढ्यात लग्न जुळलं की घरच्या कर्त्याला तीन दारं चढावी लागत. मुहूर्तासाठी भटजीचं, मांडवासाठी डेकोरेशनवाल्याचं आणि ‘व्यवस्थे’साठी शेवंतामायचं. भटजीचा मुहूर्त वरातीच्या नाचापायी टळलेला मी कैकदा पाहिला आहे. डेकोरेशनवाल्याचा मांडव तर एकदा वाऱ्यानं उचलून थेट तळ्यात नेऊन टाकला होता. शेवंतामायचा अंदाज तेवढा कधी चुकला नाही. एकदा चुकला असं जवाहरनगरचे लोक म्हणतात, पण ते लोक काहीही म्हणतात. त्यांचं मी पुढे सांगतोच.

व्यवस्था म्हणजे दारू. आडपडदा कशाला ठेवू? पत्रिकेत कोणी छापत नाही, मांडवात कोणी वाटत नाही, पण मांडवाच्या मागे कोणाच्या तरी गोठ्यात नाहीतर रिकाम्या धानाच्या बांधीत सतरंजी पडतेच. पडली नाही तर पाहुणे रुसतात. किती आणायची, हा प्रश्न मोठा नाजूक. जास्त झाली तर मारामारी, कमी पडली तर जन्माची बोलणी. म्हणून सगळे शेवंतामायकडे.

आता ती नाही. यंदा गावात लग्नं झाली, पोरांनी मोबाइलवर हिशेब मांडले आणि एका घरी इतकी उरली की आठवडाभर त्या घराचे पाहुणेच हलेनात, तर दुसऱ्या घरी वरात दारात असतानाच खडखडाट. तेव्हापासून तिची फार आठवण येते.

शेवंतामायचं घर आमच्या घराला लागून. मधे कुडाची भिंत, तीही अर्धी पडकी. मी तेव्हा नोकरीला जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत, पण रविवार गावचा. तिचा नवरा सुकराम तळ्यात जाळं टाकायचा आणि ती मासे विकायची. तो गेल्यावरही तिनं बाजारातली जागा सोडली नाही. बाई ठेंगणी, रुंद, डोळे बारीक, आवाज मात्र तळ्याच्या त्या पाळीवर ऐकू जाईल असा. हाताला कायम दोन-चार खवले चिकटलेले. उन्हात ते चमकले की म्हणायची, “पाह्य गा, माह्या पाटल्या.”

गरीब बिचारी म्हातारी वगैरे कोणी समजू नका. भलती फुशारकी मारणारी बाई होती. लग्न उरकलं की कंबरेवर हात ठेवून मांडवाच्या मधोमध उभी राहायची आणि विचारायची, “किती उरली?” एखाददुसरी बाटली उरलेली असायची. मग म्हणायची, “आता मले चांगलं म्हना.” आणि चांगलं म्हणेपर्यंत हलायची नाही. कोणी घाईत नुसतं “छान झालं माय” म्हटलं तर तिला चालत नसे. “असं कोरडं नोको म्हनू. पोटभर म्हन.”

स्वतः घ्यायची का? थंडीच्या दिवसांत पहाटे तळ्यावर जाताना बाटलीचं टोपणभर घ्यायची, आणि लपवायची नाही. “थेंब नाही चाखला म्हननारी बुढी खोटारडी असते,” हे तिचं मत. सुपारी-तंबाखूचा खर्रा खाणाऱ्यांवर मात्र तिचा राग. तोंडात खर्रा असलेला माणूस तिच्या चुलीजवळ फिरकला तर हाकलून द्यायची. म्हणे, खर्ऱ्यानं जीभ मरते, मीठ कळत नाही. मला वाटायचं, म्हातारीचं एकेक खूळ.

माझ्या धाकट्या भावाचं रिसेप्शन आमच्या अंगणात व्हायचं होतं. मुलीकडची माणसं येणार, म्हणजे व्यवस्था आमच्याकडे. बाबा तिच्याकडे गेले तर म्हणाली, “अंदाज असा घरात बसून सांगतो का मी? मले साक्षगंधाले न्या.” नेलं. साखरपुड्यात बायकांच्या घोळक्यात भिंतीला टेकून बसली, कोणाशी बोलली नाही, फक्त पुरुषांच्या पंगतीकडे बघत राहिली. मला लाज वाटायला लागली. परतताना जीपमध्ये बसल्या बसल्या म्हणाली, “पापडवाले लय आहेत त्यायच्यात.”

“पापडवाले म्हणजे काय वो माय?”

“पान वाढलं का जो आंधी पापड मोडते, तो पेनारा. जो आंधी वरनभात कालवते, तो जेवून सिद्धा घरी जाते. त्याले मोजूच नोको.”

“आणि लोणचं चाटणारा?” भावानं विचारलं.

“तो पेते, पन बायकोले भेते. त्याले अर्धाच धराव.”

भावाच्या होणाऱ्या सासऱ्यानं लोणचंच चाटलं होतं. भाऊ हसून हसून लाल झाला. आणि तुम्हाला सांगतो, रिसेप्शनच्या दिवशी ते सासरेबुवा बायकोची नजर चुकवून गोठ्यात आले, अर्धा पेला घेतला आणि वेलची चघळत परत गेले.

तर जीपमध्येच तिनं आकडा सांगितला. सहा पेट्या. आणि लगेच पुढचं, “अन् चखना माहा.”

“चखना आम्ही करू ना माय. तू काहून धूर खाऊन राहशील?”

“अंदाज माहा तर चखना माहा. नाहीतर जा दुसरीकडे.”

ही तिची अट सगळ्यांनाच असे. आम्हाला वाटायचं, बाईला मासे खपवायचे आहेत. खपवू दे, हात चांगला आहे. सकाळपासून घराच्या मागे तीन दगडांवर कढई चढायची. आधी तळ्यातले झिंगे तिखटमीठ लावून परतलेले, मग लाखोरीच्या डाळीचे वडे, मग आणखी वडे. कोणाला जवळ येऊ देत नसे. माझी बायको मदतीला गेली आणि पिठात मीठ कमी वाटलं म्हणून डब्याकडे हात नेला, तर त्या हातावर फाडकन झारा बसला. बायको दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

हे अंदाजाचं वेड तिला लागलं कशापायी, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. तिची एकुलती एक मुलगी कुसुम. तिचं लग्न झालं तेव्हा व्यवस्थेचा अंदाज सुकरामनं केला होता. तळ्यात मासळी किती निघेल हे पाळीवर बसून सांगणारा माणूस, त्याला वाटलं वरातीचं काय मोठं. आणि ऐन दुपारी संपली. नवऱ्याकडचे पुरुष उठले आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जाऊन बसले. जेवायला येईनात. शेवटी पवनीहून आणवली, तोवर भात गार आणि तोंडं वाकडी. सुकरामला लोक कितीतरी वर्षं चिडवायचे, “काय सुकराम, दारूतली मासोळी नाही दिसली?” तोही हसायचा. साधा माणूस.

पण कुसुमला कोण सोडतो? तिची सासू गिरजाबाई, पवनीची. उंच, सडसडीत, चष्म्याच्या वरून बघणारी. वाईट बाई नव्हती, सुनेला उपाशी ठेवलं नाही की हात लावला नाही. पण ती एक गोष्ट तिनं जपून ठेवली होती. घरात चहा कमी पडला की म्हणायची, “संपनारच. कोंढ्याची आहे.” ताक कमी पडलं, तरी कोंढ्याची. पावसाळ्यात सरपण ओलं झालं, तरी कोंढ्याची. कुसुम माहेरी आली की हे हसत सांगायची. हसत सांगायची, पण प्रत्येक वेळी सांगायची. शेवंतामाय ऐकून घ्यायची आणि त्या दिवशी मासे जरा जोरात कापायची.

आता जवाहरनगरची गोष्ट. फॅक्टरीत माझ्याबरोबर सोनकुसरे म्हणून होते. घरचा हातमागाचा धंदा सोडून नोकरीत आलेले, मोठे हौशी. मुलाचं रिसेप्शन क्वार्टरच्या मैदानात. माझ्याकडून शेवंतामायची कीर्ती ऐकून तिला गाडी पाठवून बोलावलं, साक्षगंधाला बसवलं, आकडा घेतला. चखन्याची अट ऐकून मात्र हात जोडले. म्हणाले, “आजी, या वयात तुम्ही कुठे तळत बसता? आम्ही चांगली पाकिटं मागवलीत.” तिनं दोनदा सांगून पाहिलं. मग नाद सोडला.

रिसेप्शनला अर्ध्यातच संपली. सोनकुसरे माझ्याकडे असे बघत होते की जणू मीच प्यायलो. पुढच्या रविवारी मी तणतणत गावी गेलो. शेवंतामाय अंगणात पावशीवर रोहू कापत बसली होती.

“माय, तुझा अंदाज चुकला. माझी मान खाली गेली तिथे.”

तिनं वरही पाहिलं नाही. “चखन्यात काय होतं?”

“शेंगदाणे, शेव, वेफर. सगळं पाकिटातलं.”

“खारे शेंगदाने?”

“खारेच असतात की.”

मासा तसाच पावशीवर ठेवून ती जी हसायला लागली! खोकला येईपर्यंत हसली. “अन् फॅक्टरीत बारूद करता तुमी लोक! बारूदपाशी काडी ओढता का रे?”

मग डोळे पुसून मला समजावलं. “पहिला पेला मानूस हौसेनं पेते. बाकीचे तहानेनं पेते. अन् तहान मीठ लावते. पहिली ताटली चरचरीत द्याची, म्हंजे पाहुना खूश. दुसरी भरीव द्याची, लाखोरीचे वडे, पोटात दगडावानी बसले पाह्यजे. तिसरी फिक्की. मंग तो बाटलीकडे पाह्यते, पन हात जात नाही.”

“म्हणजे अंदाज वगैरे काही नाही? तूच पुरवतेस?”

“अंदाज बरोबर येत नसते गा, आनावा लागते.” आणि मग जरा दुखावल्यासारखी, “पन पापडाचं खरं आहे हं. ते खोटं नोको समजू.”

बायकोच्या हातावर झारा का बसला होता, ते मला तेव्हा कळलं. घरी जाऊन तिला सांगितलं तर ती म्हणाली, तोंडानं सांगितलं असतं तर काय बिघडत होतं?

पण त्याआधी शेवंतामायच्या अंगणातून उठता उठता मी थट्टा केली. म्हटलं, “ही विद्या सुकरामबावाला शिकवली असती तर बिचाऱ्याची फजिती नसती झाली.”

 तर ती पावशीला चिकटलेले खवले नखानं काढत राहिली. मग म्हणाली, “बुढ्याचा अंदाज बरोबर होता.”

“मग?”

“झिंगे म्या केले होते. पोरीच्या लग्नाचे म्हनून चांगले करू म्हटलं. मीठमिरची भरभरून टाकली. असे झाले होते, असे झाले होते का विचारू नोको. लोक बोटं चाटत होते. अन् पेत होते.”

“बावाला माहीत होतं?”

“म्या त्याच दिवशी सांगतलं. म्हटलं, मी सांगतो साऱ्यायले, माहीच चूक आहे. तो म्हने, चूप राय. अंदाज चुकला म्हनून मले हासतीन. मायनं खारट रांधलं म्हटलं का पोरीलेच बोलतीन, हिच्या हातचंबी खारटच म्हनतीन. मले हासू दे.” तिनं मासा पुन्हा हातात घेतला. “हासले त्याले. अन् बोलनं तरीबी पोरीलेच बसलं.”

 मी मासे घेतले आणि घरी आलो.

याच्यानंतर कुसुमच्या मुलीचं, रोशनीचं लग्न जुळलं. मुलगा तुमसरचा, चांगला. आता गंमत बघा. रोशनी गिरजाबाईची नात. लग्न गिरजाबाईच्या घरचं. म्हणजे पाहुण्यांना पाजायची पाळी आता तिची, आणि मुलाचे मामालोक घेणारे म्हणून तुमसरात प्रसिद्ध. अंदाजाला माणूस कोण, तर शेवंतामाय. गिरजाबाईनं आधी कुसुमकडून निरोप पाठवला. शेवंतामाय म्हणाली, “निरोपानं अंदाज नाही भेटत. माह्या दारात याव.”

आणि गिरजाबाई आली. रविवार होता, मी पडक्या भिंतीजवळ दाढी करत बसलो होतो. खोटं कशाला बोलू, मुद्दाम तिथे बसलो होतो. गिरजाबाई खाटेवर बसली. चहा झाला. धानाला भाव नाही यावर बोलून झालं. दोघींचे गुडघे बोलून झाले. माझी दाढी दोनदा करून झाली. शेवटी गिरजाबाई चष्मा पुसत म्हणाली, “किती लागन वो इहीनबाई?”

शेवंतामायनं आकडा सांगितला. हसली नाही, फुशारकी नाही. फक्त म्हणाली, “अन् चखना माहा.”

“ते नाही जमन. हॉलवाल्याचं पॅकेज आहे, चखना त्याच्यातच. अन् नवरीची आजी मागे वडे तळत बसन, तर लोक काय म्हनतीन? तुमी समोर सोफ्यावर बसा.”

यात तिचा मान ठेवायचाच हेतू होता, तो शेवंतामायला कळला. म्हणून जास्त ताणलं नाही.

त्या संध्याकाळी कुसुम आईजवळ बसली होती. अर्धं हसत, अर्धं मनापासून म्हणाली, “माय, संपू दे ना. एक बार त्यायच्या घरची संपू दे. मीबी म्हनून पाह्यतो.”

“अन् रोशनीनं तुमसरले जाऊन काय ऐकाव?” शेवंतामाय म्हणाली. “तुवा ऐकलं तेच?”

कुसुमनं मान खाली घातली. मग म्हणाली, “नोको संपू देऊ.”

लग्न दुपारचं. हॉल पवनीच्या बाहेर, रस्त्यावर. मागे एक चिंचेचं झाड, झाडाखाली सतरंज्या, आणि तिथे नेमणूक माझी, कारण मी फॅक्टरीचा, शिस्तीचा. शेवंतामाय समोर सोफ्यावर, कोशाच्या रेशमाचं लुगडं, केसात गजरा. खवले घासून घासून काढलेले. तिला मी इतकी अस्वस्थ कधी पाहिली नव्हती. परक्या बाजारात बसल्यासारखी दिसत होती.

मागे पॅकेजवाले ताटल्या आणू लागले. खारे शेंगदाणे, खारी डाळ, मसाल्याचे वेफर.  मुलाचे मामा तीन, त्यातला थोरला म्हणजे पापडवाल्यांचा राजा. मूठ भरून शेंगदाणे तोंडात टाकायचा आणि पेला पुढे करायचा. “अरे भरा ना! काहून हात आखडून राह्यले?” वरमाला व्हायच्या होत्या आणि पेट्या तर निम्म्याच्या खाली गेल्या. मी पळत हॉलमध्ये गेलो. कुसुम आणि गिरजाबाई पाहुण्यांना नमस्कार करत उभ्या होत्या.

“चखना खारट आहे,” मी म्हटलं. “संपते आता.”

कुसुमचा चेहरा उतरला. गिरजाबाईनं एकदा तिच्याकडे बघितलं. त्या घरात ‘संपली’ हा शब्द कोणी किती वेळा म्हटला होता, ते त्या दोघींनाच माहीत. मग गिरजाबाई कोणाला काही न बोलता सरळ सोफ्याकडे गेली, वाकली आणि शेवंतामायचा हात धरला.

“इहीनबाई, चला. माही लाज राखा.”

शेवंतामाय उठलीच होती. माझ्या बायकोला म्हणाली, “आन वो तो डबा.” सोफ्याच्या मागे मोठा स्टीलचा डबा ठेवला होता, वाटलेल्या लाखोरीच्या डाळीनं गच्च भरलेला. घरून घेऊन आली होती! माझ्या बायकोला माहीत होतं, मला नव्हतं. आमच्या घरात हे असंच चालतं.

स्वयंपाकघरात आचारी आडवा आला. गिरजाबाई त्याला म्हणाली, “बाजूले हो रे पोट्ट्या, नवरीच्या आज्या आहोत आमी.” शेवंतामायनं गजरा काढून खिडकीत ठेवला, लुगड्याचा पदर खोचला आणि कढईसमोर उभी राहिली. गिरजाबाई वडे थापून देऊ लागली. दोन घाणे झाले. मी ताट घेऊन पळायच्या तयारीत दाराशी. गिरजाबाईनं बोटानं पीठ चाखलं, तोंड वाकडं केलं आणि मिठाकडे हात नेला.

मला वाटलं, आता झारा बसतो. पण शेवंतामायनं नुसतं तिचं मनगट धरलं.

“राहू द्या. फिक्केच जाऊ द्या.”

“फिक्के? काहून?”

“खारट खाल्लं का मानूस पेते.”

गिरजाबाई हुशार बाई. क्षणभर चष्म्याच्या वरून बघत राहिली. कढईत वडे करपायला लागले तरी दोघी हलेनात.

“म्हंजे कुसुमच्या लग्नात...”

“माहे झिंगे खारट होते, इहीनबाई. माहा बुढा बरोबर होता.”

गिरजाबाईनं पिठात पुन्हा हात घातला. वडे थापत राहिली. मी ताट उचलून बाहेर पळालो.

पहिलं ताट थोरल्या मामासमोर ठेवलं. गरम वडे बघून त्यानं शेंगदाण्यांची ताटली सरकवली. एक खाल्ला, चार खाल्ले. दुसऱ्या ताटानंतर पट्टा सैल केला. तिसऱ्या ताटाला पेला पुढे करायचाच राहिला आणि तो चिंचेला टेकून डोळे मिटून म्हणाला, “आता नाही जात गा पोटात.” वरमाला झाल्या, पंगती झाल्या, मामालोक आपल्या पायांनी चालत येऊन जेवायला बसले आणि नवरीच्या डोक्यावर हात ठेवून भले आशीर्वाद देऊन गेले. रोशनी गाडीत बसली तेव्हा ऊन कलत होतं. कुसुम रडत होती, पण ते आईचं रडणं.

त्यानंतर मी शेवंतामायला पाहिलं नाही. माझी त्या महिन्यात बाहेर बदली झाली आणि पुढच्या थंडीत ती गेली. म्हणून ती डोळ्यांपुढे येते ती तशीच, हॉलच्या मागच्या पायरीवर, पदर अजून खोचलेला, हातांना पीठ. शेजारी गिरजाबाई. दोघी बशीतले उरलेले वडे खात होत्या. मी रिकाम्या पेट्या आवरून तिथून चाललो होतो.

“फॅक्टरीवाले, किती उरली?”

“एक बाटली, माय.”

“आन इकडे.” तिनं ती घेतली, पदरानं पुसली आणि गिरजाबाईच्या मांडीवर ठेवली. “घ्या इहीनबाई. तुमच्या घरची उरली.” मी पोटभर चांगलं म्हणायला तोंड उघडलं, तर तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. ती गिरजाबाईकडे बघत होती.

गिरजाबाईनं बाटली पिशवीत ठेवली. पिशवीचं तोंड आवळलं. समोरच्या चिंचेकडे बघत म्हणाली, “त्या दिवशी झिंगे मीबी खाल्ले होते. तसे पुन्हा कुठी नाही भेटले.”

शेवंतामाय बोटांचं पीठ नखानं काढत राहिली.

“परवा येतो कोंढ्याले,” गिरजाबाई म्हणाली. “झिंगे करून ठेवा. अन् खारटच करा.”